गोठ्यात पाय घसरला

हौसाक्का कुणाला अवघड प्रश्न विचारायच्याच नाहीत. समोरचा अडचणीत येईल असं काही दिसलं की प्रश्नाच्या आधी उत्तर त्या स्वतःच देऊन टाकायच्या, आणि ते उत्तर बहुतेक वेळा धादांत खोटं असायचं. आमची पहिली भेट अशीच झाली. गुरांचा डॉक्टर म्हणून काष्टीच्या बाजूला माझी नुकतीच बदली झाली होती. इस्त्रीची पँट घालून मोटरसायकलवरून रुबाबात चाललो होतो आणि अक्कांच्या दूध केंद्रासमोरच्या चिखलात, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या अख्ख्या रांगेसमोर, आडवा झालो. रांग हसायला लागली. काट्यामागं बसलेली एक ठेंगणी बाई मान वर न करता म्हणाली, "ब्रेक लई कडक दिसतोय डॉक्टर. नव्या गाडीला आसंच हुतं." गाडी जुनीपुराणी होती आणि ब्रेक तर लागलाच नव्हता. मी मात्र लगेच म्हणालो, "हो ना, फारच कडक आहे." हसणं थांबलं. मग मला कोरा चहा मिळाला. दिवसभर दुधात हात असलेली ही बाई चहात दुधाचा थेंब घालायची नाही, इतकी चिकट होती.

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागचा पत्र्याचा गाळा. आत काटा, फॅट मोजायचं मशीन, कोपऱ्यात पेंडीची पोती आणि दारात दुधाचा टेम्पो उभा राहायला जागा. टेम्पो अक्कांचा मुलगा दत्ता चालवायचा. अक्का साठीच्या पुढं गेलेल्या, दात मिसरीनं काळे, मनगटावर वारलेल्या नवऱ्याचं मोठं घड्याळ, आणि तोंड सकाळपासून चालू. कुणी धारेचं ताजं फेसाळ दूध घाईनं काट्यावर ठेवलं की त्या हात आडवा घालायच्या. "फेस बसू दे, मग मोजू." भांडण घेऊन आलेल्या माणसालाही त्या हेच सांगायच्या आणि त्याला पोत्यावर बसवून ठेवायच्या. आजारी जनावरांचे निरोप लोक केंद्रातच ठेवत, त्यामुळे माझी सकाळ तिथंच उजाडायची. निरोप मिळाले तरी मी बसून राहायचो, कारण गावातली सगळ्यात चांगली करमणूक तिथंच होती.

अक्कांच्या खोटेपणाला एक शिस्त होती. शाळेतल्या मास्तरांचा मुलगा बारावीला नापास झाला, तेव्हा मास्तर दोन दिवस दुधाला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तर अक्कांनी मोठ्यानं म्हटलं, "मास्तर, पेपर तपासनाऱ्याला चष्मा लागला आसंल बगा." मास्तर हसले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वेळेवर येऊ लागले. मी एकदा त्यांना म्हटलं, अक्का, तुम्ही लोकांना आयतं खोटं का पुरवता? त्यांनी मशीनमधली वाटी पुसत सांगितलं, "आवो, त्याला खोटं बोलायला लावलं तर त्यो उद्या माझ्याम्होरं यायला लाजंल. मीच बोलले तर लाज माझ्याकडं ऱ्हाती. मला काय, मी हितंच बसलेली हाय."

सोनाली पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती या खोट्यामुळंच. घोड नदीच्या अंगाला मळ्यात तिचं घर, आजूबाजूला ऊस, हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. माहेर मिरजगावचं. चार-पाच वर्षांची मुलगी होती, परी नावाची. नवरा संदीप, सासू आणि दोन जर्सी गाई. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन केंद्रात येणं, एवढंच तिचं बाहेरचं जग. त्या सकाळी तिच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं आणि तिनं पदर जरा जास्तच पुढं ओढला होता. रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "गोठ्यात पाय घसरला व्हय गं? शेनानं लई निसरडं झालंया सगळीकडं."

"व्हय अक्का," सोनाली म्हणाली. तिचे ताठरलेले खांदे जरा सैल झाले, ते मी पाहिलं.

ती गेल्यावर मी भडकलो. माझं आयुष्य गोठ्यांत गेलंय. गोठ्यात घसरलेल्या माणसाच्या कोपराला लागतं, गुडघ्याला लागतं, फार तर हनुवटीला. गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत, आणि ते मला पदराच्या कडेला स्पष्ट दिसले होते. मी म्हणालो, "अक्का, तुम्ही त्या नवऱ्याला पाठीशी घालताय. पोलिसांना सांगायला पाहिजे. तालुक्याला अशा बायकांसाठी संरक्षण अधिकारी असतात, मी फोन करतो."

"करा की," अक्का म्हणाल्या. "पन आधी तिला इचारा."

"मग विचारा ना. तुम्ही तर गोठ्याचं सांगून मोकळ्या झालात."

"आज इचारलं तर ती न्हाईच म्हननार. समद्यांम्होरं एकदा न्हाई म्हनलं की मग व्हय म्हनायला लई जड जातं, डॉक्टर. आन पोलीस आज यिऊन गेले, तर सांजंला त्या घरात तीच असनार हाय. तुमी न्हाई आन मी बी न्हाई."

मला ते पटलं नाही. मी त्याच आठवड्यात संरक्षण अधिकारी बाईंना फोन केला. त्यांनीही हेच विचारलं, की तक्रार करायला ती स्वतः तयार आहे का. मी त्यांचा नंबर मात्र फोनमध्ये ठेवला. तो पुढं उपयोगी पडला, हे अक्कांनाही कबूल करावं लागलं, आणि त्या कबुली द्यायला फारशा उत्सुक कधीच नसायच्या.

गावाला अर्थातच वाटायचं, की हौसाक्कांनी स्वतः मार खाल्ला असणार, म्हणून त्यांना या बायकांचा पुळका. मलाही तसंच वाटलं होतं. मी एकदा आडून आडून विषय काढला, तर त्या चिडल्या. "माझा नवरा गरीब गाय हुता. जल्मात आवाज चढवला न्हाई त्यानं. मीच त्याला वरडायचे. मार खाल्ल्याबिगर मार कळतच न्हाई व्हय मानसाला?" असं म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ उगाचच कानाला लावलं, आणि मला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

अक्कांनी केलं ते एवढंच. सोनालीला केंद्रात जरा जास्त वेळ बसता येईल, असं त्या बघू लागल्या. तिची किटली शेवटी घ्यायच्या. "फेस बसू दे गं, मग मोजू," म्हणून तिला पोत्यावर बसवायच्या. बोलायच्या सगळं गाईंबद्दल. कोणती पान्हावते, कोणती लाथ मारते. सोनाली हळूहळू बोलायला लागली, तेही गाईंबद्दलच. एकदा ती म्हणाली, "घरात वरडावरडी झाली की तांबडी गाय दूधच चोरती अक्का." अक्का म्हणाल्या, "मुक्या जनावराला बी समजतं म्हनायचं." एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवशी सोनाली उठली तेव्हा अक्कांनी तिला हळूच सांगितलं, "हे दार सकाळी उघडं आसतं आन सांजंला बी. काय सांगायचं नसलं तरी यायचं."

आणि मग अक्कांच्या हातून ती चूक झाली. ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं.

एका संध्याकाळी संदीप स्वतःच केंद्रात आला. दिसायला साधा, बोलायला गोड, माझ्याशी तर फारच अदबीनं वागणारा. म्हणाला, "अक्का, आमच्या मंडळींना दुधाला एवढा येळ का लागतोय रोज?" अक्कांच्या तोंडात उत्तर कायम तयार असायचं. त्यांनी विचार न करता सांगून टाकलं, "आरं, दुधाची डिग्री कमी लागत हुती. म्हनून परत परत मशीनला लावून बगत हुते." दूध घालणाऱ्या कुठल्याही घरात याचा अर्थ एकच होतो. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. आणि पाणी घालणार ती धार काढणारीच.

"आस्सं व्हय," संदीप म्हणाला आणि हसून निघाला. अक्कांचा चेहरा खर्रकन उतरला. "आरं, मशीनच बिघडलंया, संदीप," त्या मागून ओरडल्या, पण गाडी निघून गेली होती. त्या संध्याकाळी अक्कांनी उरलेल्या किटल्या चुकीच्या मापल्या आणि लोकांनी त्या पुन्हा मापायला लावल्या. मी धीर द्यायला काहीतरी बोललो, तर म्हणाल्या, "डॉक्टर, जरा गप बसा."

दुसऱ्या दिवसापासून दूध घेऊन संदीप येऊ लागला. सोनाली आजारी आहे, म्हणाला. अक्का रोज त्याच्याकडून किटली घेत होत्या, पावती देत होत्या आणि त्याच्याशी नीट बोलत होत्या. मला ते बघवत नव्हतं. त्याची गचांडी धरावी असं वाटायचं. त्या म्हणाल्या, "त्याच्याशी वाकडं झालं तर त्या घराकडं जायची वाट कुनाला ऱ्हाईल?"

पंधरवड्यानं त्याच घरातून मला बोलावणं आलं. तांबड्या गाईची कास सुजली होती. निघताना अक्का माझ्या गाडीजवळ आल्या. "तिला काई इचारू नका. आन त्याच्याम्होरं तिच्याकडं दयेनं बगू नका. तुमी गाईकडं बगा. गाईच्या निमतानं जे बोलता यील ते बोला." मी गेलो. संदीपचा हात राकट, गाईला त्याची सवय नव्हती, ती पान्हावत नव्हती आणि दूध कासेतच राहत होतं. सोनाली ओट्यावर बसली होती. उजवा हात जुन्या साडीच्या धडप्यात बांधून गळ्यात अडकवलेला, मनगटाच्या वर तो विचित्र वाकलेला दिसत होता. मी काही विचारलं नाही. तरीही तिची सासू पुढं झाली आणि म्हणाली, "गोठ्यात पाय घसरला तिचा."

तेच वाक्य. अक्कांच्या तोंडून ते ऐकलं की बरं वाटायचं, आणि या बाईच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मी गाईला इंजेक्शन दिलं, कास धुतली आणि संदीपला म्हणालो, "ही गाय तुमच्या मंडळींच्याच हाताला सवयीची आहे. त्यांचा हात बरा झाला नाही तर गाय आटेल. मी गुरांचा डॉक्टर आहे, पण हाड मोडलंय एवढं मला कळतं. उद्याच्या उद्या प्लास्टर करून आणा. आणि आजारी कासेचं दूध रोज केंद्रात तपासावं लागेल. ते घेऊन त्यांनाच पाठवत जा, औषध कसं लावायचं ते मी तिथंच समजावून सांगेन." गाय आटेल म्हटल्यावर संदीपचा चेहरा पडला. हात मोडल्याचा काही फरक पडलेला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टर झालं. पण उशीर झाला होता आणि तो हात पुढं कायमचा जरा वाकडाच राहिला.

मी अक्कांना हाताचं सांगितलं, तेव्हा त्या पेंडीच्या पोत्यावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाईला दिलेलं खोटं बाईपाशी ऱ्हातं. बाप्याला दिलं आन त्यो त्ये घिऊन घरी गेला." मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. उठून किटल्या विसळायला लागल्या. त्यानंतर त्यांनी कुठल्याही पुरुषाला आयतं उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही.

सोनाली पुन्हा येऊ लागली, डाव्या हातात छोटी किटली घेऊन. अक्कांनी तिला डिग्रीचा विषय सांगितला का, मला माहीत नाही. मला वाटतं, सांगितला नव्हता. नुसतं एकदा म्हणाल्या, "कवा जायचं ठरलं तर मला सांगत बसू नगं. नुसती ये."

दूध हिंदकळून सांडू नये म्हणून किटलीच्या तोंडाला फडकं लावून वर झाकण दाबतात. सगळ्याच बायका लावतात, तिकडं कुणी बघत नाही. प्लास्टर निघाल्यावर काही दिवसांनी अक्कांनी सोनालीच्या किटलीचं झाकण काढलं आणि फडकं हातात धरून जरा थांबल्या. तो परीचा फ्रॉक होता, फुलाफुलांचा. अक्कांनी सोनालीकडं पाहिलं नाही. मोठ्यानं म्हणाल्या, "फडकं लई आंबुस झालंया गं. हितंच ठिव, मी धुऊन ठिवते." आणि आपलं एक जुनं फडकं तिच्या किटलीला लावून दिलं. दुसऱ्या दिवशी पोरीचा परकर आला. मग बंडी, मग स्वेटर. पेंडीच्या रिकाम्या पोत्यात, मशीनच्या मागं, एका लहान मुलीचे कपडे धुऊन घडी करून साठत गेले. अक्का रोज फडक्यावर नवं काहीतरी कुरकुरायच्या, आणि रांगेतली माणसं म्हणायची, म्हातारीला वास फार लागतो हल्ली.

एका बाजाराच्या दिवशी संदीप काष्टीला गेलेला असताना सोनाली मुलीला घेऊन आली. दत्तानं दोघींना टेम्पोत बसवलं आणि पोतं मागं टाकलं. ती मिरजगावला माहेरी गेली. मला वाटलं, सुटली एकदाची. अक्का म्हणाल्या, "फेस बसू द्या डॉक्टर."

दिवाळी झाली आणि तिच्या वडिलांनी तिला स्वतः परत आणून घातलं. जावई पाया पडला, चार माणसांत कबूल झाला, पोरीची शाळा बुडतेय, असं सगळं. दुसऱ्या सकाळी ती रांगेत उभी होती. मान खाली. लोकांच्या मदतीवर पाणी फिरवलं म्हणून ते आपल्याला बोलणार, अशी तिची तयारी दिसत होती, आणि खरं सांगायचं तर मी तेच बोलणार होतो. इतका राग आला होता मला तिचा. अक्कांनी किटली घेतली आणि म्हणाल्या, "आली व्हय? बरं झालं बाय. तांबडी लई आठवन काढीत हुती." सोनालीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं. काही दिवसांनी किटलीच्या तोंडाला पुन्हा एक फ्रॉक आला. अक्का कुरकुरल्या, की फडकी धुऊन धुऊन माझे हात गेले.

या वेळी मी अक्कांचं ऐकलं नाही. सोनाली औषध न्यायला आली तेव्हा गाईच्या मलमाबरोबर अधिकारी बाईंबद्दलही तिला सांगितलं. तक्रार कुठं करतात, राहायची सोय होते, पोरगी बरोबर ठेवता येते. ती ऐकत होती. "मला पाठ हुईल आसं सांगा डॉक्टर, लिहून नगं," एवढंच म्हणाली. अक्का मशीन पुसता पुसता ऐकत होत्या आणि त्यांनी मला अडवलं नाही.

मग ती सकाळ आली. रांग मोठी होती, बाप्येही होते, संदीपच्या भावकीतले दोघं-तिघं होते. सोनाली परीचा हात धरून आली. तिचा गाल सुजून डोळा मिटला होता. अक्कांच्या तोंडून सवयीनं निघालं, "गोठ्यात पाय घसरला व्हय गं?"

सोनालीनं किटली काट्यावर ठेवली. ती रिकामी होती.

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "पडले न्हाई मी. नवऱ्यानं मारलं. मागल्या येळी हात बी त्यानंच मोडला."

आवाज मोठा नव्हता, पण रांगेच्या टोकापर्यंत गेला.   हौसाक्कांनी किटली उचलून खाली ठेवली. उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, काटा बगा." मशीनमागचं पोतं ओढून त्या स्वतः टेम्पोत चढल्या. सकाळची दुधाची वेळ सोडून त्या कधी देवाला गेल्या नव्हत्या. मी फोन लावला. दवाखाना, पोलीस ठाणे, अधिकारी बाई, सगळीकडं अक्का तिच्याबरोबर बसून होत्या. इकडं मी इतकं वाईट माप केलं, की लोक अजून त्याचा विषय काढतात.

पुढचं सोपं नव्हतं. केस चालू आहे, तारखा पडतात. सोनाली आता नगरला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते, परी तिच्याजवळ आहे. संदीप भावकीला घेऊन केंद्रावर आला तेव्हा मी तिथं होतो. म्हातारीनं घर मोडलं, वगैरे बरंच बोलून झालं. अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "संदीप, तुझ्या दुधाची डिग्री चांगली हुती. त्या दिवशी बी चांगलीच हुती. मी खोटं बोलले. तिनं पानी घातलं नव्हतं." त्यानं दारातली रिकामी किटली लाथेनं उडवली आणि निघून गेला. त्या सगळ्या भावकीचं दूध दुसऱ्या डेअरीला जाऊ लागलं. रांग निम्म्यावर आली. अक्का चहा आणखी पातळ करायला लागल्या.

मागच्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली, धाप लागू लागली. हृदय थकलं होतं. काटा दत्ताच्या बायकोनं घेतला आणि अक्का घरात खाटेवर पडून गल्लीतनं जाणाऱ्या किटल्यांचे आवाज ऐकत राहिल्या. मी जायचो. दर वेळी त्या एकच विषय काढायच्या, आणि तो माझ्याशिवाय कुणाशी काढत नव्हत्या. "तिचा हात माझ्या तोंडानं मोडला, डॉक्टर." मी म्हणायचो, मोडला त्या माणसानं. त्या म्हणायच्या, "त्यो तर हायच. पन डिग्री मी सांगितली." माझ्या समजावण्याचा काही उपयोग होत नव्हता.

शेवटच्या दिवसांत सोनाली परीला घेऊन भेटायला आली. त्या गावात पाय ठेवायला तिला धीर लागला असणार, पण ती आली. खाटेच्या कडेला बसून अक्कांचे सुजलेले पाय चेपायला लागली. उजवा हात कोपराखाली जरा बाहेर वळलेला होता, आणि अक्कांची नजर त्या हातावरून हलत नव्हती. मी दारातल्या खुर्चीवर होतो.

"सोने," अक्का म्हणाल्या. दम लागत होता. "त्यो हात माझ्यामुळं मोडला. डिग्री कमी लागती आसं मी त्याला बोलले हुते. तुला सांगायचं हुतं. सांगायला तोंड झालं न्हाई."

सोनालीचा हात थांबला नाही. तिला हे आधीपासून ठाऊक होतं की त्याच क्षणी कळलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मारताना संदीप काय ओरडला असेल, ते तिनंच ऐकलेलं. ती पाय चेपत राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमच्यामुळं कुठला अक्का. त्या दिशी मी खरंच गोठ्यात पडले हुते. पाय घसरला."

अक्कांनी तिच्याकडं पाहिलं.  मग डोळे मिटून घेतले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई निसरडं हाय तिथं."